धरून ठेवण्याचं काम आणि रक्तदाब



पाठीवरचा पंप घेऊन कपाशीत फवारणी करताना दोन्ही हात कामाला लागतात. डावा हात दांडा वर-खाली करतो, उजव्या हातात फवाऱ्याची नळी असते. पाहायला गेलं तर मेहनत डाव्या हाताची जास्त. तरी पुष्कळदा नळी नुसती धरून ठेवणारा उजवा हातच आधी भरून येतो, बोटं अवघडतात. असं का व्हावं?

दांडा मारताना स्नायू आवळतो आणि लगेच सैल पडतो. सैल पडला की त्यात ताजं रक्त शिरतं, आवळला की वापरलेलं रक्त हृदयाकडे ढकललं जातं. धरून ठेवलेल्या हाताचा स्नायू मात्र आवळलेलाच राहतो. पाण्याच्या रबरी पाइपवर पाय देऊन उभं राहावं, तशा स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. जोर जितका जास्त, तितका पुरवठा कमी. आपल्या पूर्ण ताकदीच्या निम्म्या जोरानं एखादी वस्तू धरली, तर साधारण मिनिटभरात हात सोडावासा वाटतो. अशा न हलणाऱ्या कामाला शास्त्रात आयसोमेट्रिक म्हणतात. नांगराची रुमणी दाबून धरणं, पोतं कवेत धरून उभं राहणं, रुतलेल्या गाडीच्या चाकाला खांदा देणं, ही सगळी त्याच जातीची कामं.

आता रक्तदाबाचं पाहू. रक्त अडलं की स्नायूत टाकाऊ द्रव्यं साचतात. तिथल्या नसा मेंदूला वर्दी देतात. मेंदू हृदयाला जोरात चालवतो, इतर ठिकाणच्या रक्तवाहिन्या आखडून घेतो आणि दाब वाढवून अडलेल्या जागी रक्त पोचवायला बघतो. १९३७ साली आलम आणि स्मर्क या दोघांनी हे दाखवून दिलं. स्नायूंना काम करायला लावून, शेवटी पट्टा आवळून त्यांनी तिथलं रक्त कोंडून ठेवलं. काम थांबलं तरी दाब वरच राहिला, आणि पट्टा सोडल्यावरच उतरला.

चालणं, खुरपणी अशा हलत्या कामात मुख्यतः वरचा आकडा वाढतो, खालचा फारसा हलत नाही. धरून ठेवण्याच्या कामात दोन्ही आकडे चढतात. त्यासाठी फार मोठं ओझं लागतं असंही नाही, नुसती मूठ घट्ट आवळून धरली तरी दाब वाढतो.

त्यात दम कोंडला तर विचारूच नका. १९८५ साली कॅनडात वजन उचलणाऱ्या तरण्याबांड गड्यांचा दाब थेट रक्तवाहिनीतून मोजला. दोन्ही पायांनी भारी वजन रेटताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. निरोगी तरुणाला असा क्षणभराचा दाब सोसतो. पण घरातल्या साठीच्या बीपीवाल्या माणसानं दम कोंडून पोतं उचलणं धोक्याचं. आपल्याकडे उचलताना दम धरायची सवयच आहे, ती मोडायला हवी. जोर लावताना तोंडानं श्वास सोडत राहा. पन्नास किलोचं पोतं दोघांनी उचला, यात कमीपणा कसला? फवारताना तास संपला की नळी दुसऱ्या हातात घ्या, मूठ उघडून बोटं हलवा. बॅटरीच्या पंपानं दांडा मारणं वाचलं, पण नळी धरणं काही सुटलेलं नाही.

ओझं टाकल्याबरोबर दाब झपकन उतरतो आणि क्षणभर अंधारी येऊ शकते. फवारणी करताना मात्र चक्कर, मळमळ, दरदरून घाम आला तर तो थकवा समजू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. काम थांबवा, कपडे उतरवून अंग साबणानं धुवा आणि औषधाचा डबा दाखवायला घेऊन दवाखाना गाठा.

गंमत म्हणजे हाच ताण बेतानं आणि नेमानं दिला तर दाब उतरतो. २०२३ साली २७० चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा अशा व्यायामानं विश्रांतीचा दाब सरासरी वर ८ आणि खाली ४ नं कमी झालेला दिसला. प्रकार सोपा आहे. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे वाकवून दोन मिनिटं थांबायचं. मध्ये विसावा घेत असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. श्वास चालू ठेवायचा. पोती उचलणं म्हणजे हा व्यायाम नव्हे. बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, आणि चालू गोळी आपल्या मनानं बंद करू नये.

तिशी ओलांडलेल्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजून घ्यावा. शेतातून आल्या आल्या मोजू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर सैल, मूठ उघडी. पिशवी मांडीवर आवळून धरली तरी आकडा चुकतो. १४०/९० किंवा वर आला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.