हिवाळ्यातील बिऱ्हाड आणि अंगणातील कुंड्या

बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील चिंताकी हे सीमाभागातील गाव. तालुक्याच्या एका अंगास महाराष्ट्र, तर दुसऱ्या अंगास तेलंगण. नोकरी, मुलांचे शिक्षण किंवा पोटापाण्याचा उद्योग यांपायी या भागातील कुटुंबे बिदर, उदगीर, हैदराबाद अशा ठिकाणी बिऱ्हाड हलवितात. भांडी पोत्यांत भरली जातात, अंथरुणांच्या वळकट्या होतात आणि अखेरीस अंगणातील कुंड्यांचा प्रश्न उभा राहतो. त्यांत घरातील वडीलधाऱ्या बाईने जोपासलेली तुळस असते, कढीपत्ता असतो, क्रोटन किंवा रबराचे झाड असते. ट्रंक फुटली तर दुसरी आणता येते. दहा वर्षे वाढविलेला कढीपत्ता कोणत्याही बाजारात मिळत नाही.

ही झाडे बारमास हिरवी, तेव्हा त्यांना थंडीचे भय नाही, असा समज आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. पानझडीचे झाड पाने टाकून पाण्याचा खर्च थांबविते. सदाहरित झाडास ती सोय नाही. त्याच्या पानांतून हिवाळ्यातही पाण्याची वाफ होतच राहते. इकडे गार मातीत मुळांची पाणी शोषण्याची शक्ती मंदावलेली असते. जमिनीतील झाडास भोवतालच्या मातीची ऊब तरी मिळते. कुंडी चहूबाजूंनी उघडी, आणि मातीची असेल तर माठाप्रमाणे पाझरून आतील माती अधिकच गार करणारी. बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच आहे. पौष-माघात तेथे रात्रीचा पारा १५ अंशांच्या, आणि थंडीच्या लाटेत कधी १० अंशांच्याही खाली उतरतो. येथे बर्फ पडत नाही; खरा वैरी आहे तो कोरडा वारा. उघड्या ट्रकवर दोन-तीन तास त्याचा झोत लागला, की कुंडीतील माती ओली असूनही झाड तहानेने सुकते.

लंडनचे डॉक्टर नॅथॅनिअल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद बाटलीतील ओलसर मातीत नेच्याचे रोप उगवलेले दिसले. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या तयार केल्या व १८३३ मध्ये झाडांनी भरलेल्या दोन पेट्या जहाजाने सिडनीस पाठविल्या. कित्येक महिन्यांच्या प्रवासानंतर झाडे हिरवीगार उतरली. पुढे चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात आली ती अशाच पेट्यांतून. काचेची पेटी कोणी करावी असे नाही; परंतु वारा अडवावा आणि पानांभोवतालचा ओलावा राखावा, हे तत्त्व गोणपाटानेही साधते.

निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी कुंड्यांना पाणी द्यावे. ऐन वेळी दिल्यास चिखल होतो, वजन वाढते आणि हिंदकळून मुळे सैल होतात. पाणी आडाचे असल्यास उत्तम. थंडीच्या सकाळी ते कोमट असते, गच्चीवरच्या टाकीतील मात्र बोचरे गार. फांद्या सुतळीने सैल आवळाव्यात. जागा वाचविण्यासाठी छाटणी करण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. या दिवसांत नवी फूट संथ येते. कुंडीभोवती गोणपाट गुंडाळावे, झाडावर जुने लुगडे किंवा चादर टाकावी. प्लॅस्टिक वापरल्यास दुपारच्या उन्हात आत वाफ कोंडते, म्हणून ते वरून मोकळे ठेवावे. कुंड्या ट्रकमध्ये शेवटी चढवाव्यात, केबिनच्या आडोशास ठेवाव्यात आणि मुक्कामी प्रथम उतरवाव्यात. भरलेला ट्रक रात्रभर उघड्यावर उभा राहणार असेल, तर कुंड्या आदल्या संध्याकाळी चढवूच नयेत.

तुळशीचे वृंदावन दगडविटांचे असते, ते हलत नाही. थंडीत तुळस आधीच खंगलेली. मुळांसह उपटून नेल्यास ती जगेलच असे नाही. वाळलेल्या मंजिऱ्या पुडीत बांधून बरोबर घ्याव्यात; उन्हाळा लागताच त्याच तुळशीचे बी नव्या दारी पेरता येते.

नव्या घरी लगेच कुंडी बदलू नये, खत घालू नये. आठवडाभर सावलीच्या उजेडात ठेवून मग झाड हळूहळू उन्हात सरकवावे. जुन्या जागी उन्हाकडे असलेल्या बाजूस निघण्यापूर्वी चुन्याचा ठिपका दिलेला असल्यास तीच बाजू पुन्हा उन्हाकडे करता येते. रबराच्या जातीची झाडे जागा बदलताच पाने गाळतात. तेवढ्यावरून ती मेली असे समजून घरातील मंडळी पाण्याचा मारा करतात आणि तेव्हा मात्र मुळे खरोखर कुजतात. अशा वेळी फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवे दिसले, तर माती वरून सुकल्यावरच पाणी देत फाल्गुनापर्यंत वाट पाहावी.