शब्दांची संपत्ती की शब्दांचे ओझे?

इंग्रजी सुधारावयाचे म्हटले, की आपल्याकडील विद्यार्थी प्रथम जड शब्दांच्या याद्या पाठ करू लागतो. ‘बिगिन’ऐवजी ‘कमेन्स’ आणि ‘आस्क’ऐवजी ‘इन्क्वायर’ लिहिले म्हणजे भाषा भारदस्त झाली, अशी त्याची समजूत असते. कचेरीतील मसुद्यांतूनही हीच हौस डोकावते. पत्राचा अर्थ लावण्यासाठी अर्जदाराला मात्र दुसऱ्याकडे धाव घ्यावी लागते.

या दुहेरी शब्दांचे मूळ इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबारात फ्रेंच आली. विद्वानांची लॅटिन होतीच. सामान्यांच्या शब्दांवर या भाषांचा थर चढला. कुरणातील ‘शीप’ ताटात येताच ‘मटन’ झाली ती यामुळेच. मराठी वाचकाला हे नवे नाही. ‘पाणी’ व ‘जल’ यांचा अर्थ एकच. पण अहवालात ‘जलसंधारण’ लिहिणारा गृहस्थ तहान लागल्यावर घरी ‘जल आण’ म्हणत नाही. इंग्रजी शब्दांनाही अशाच आपापल्या जागा असतात आणि त्या यादीवरून कळत नाहीत.

म्हणूनच फाउलर बंधूंनी १९०६ मधील ‘द किंग्ज इंग्लिश’ या ग्रंथात ओढूनताणून आणलेल्या शब्दापेक्षा परिचित शब्द बरा, असा नियम सांगितला. १९४८ मध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक तर सरकारी नोकरांसाठीच लिहिले.

याचा अर्थ अवघड शब्द शिकूच नयेत, असा नव्हे. एखादे कलम ‘अँबिग्युअस’ आहे म्हणजे ते केवळ अस्पष्ट नसून त्यातून एकाहून अधिक अर्थ निघतात. हा बारकावा ‘नॉट क्लिअर’ म्हणून साधत नाही. जेथे अर्थाचा असा लाभ होतो, तेथे मोठा शब्द हवाच.

असे शब्द धातूच्या आधाराने शिकणे सोपे जाते. आहार, विहार, प्रहार, संहार यांतील ‘हृ’ धातू ज्याने ओळखला, त्याला ‘इन्स्पेक्ट’, ‘प्रॉस्पेक्ट’, ‘रिट्रोस्पेक्ट’ यांतील ‘पाहणे’ या अर्थाचा लॅटिन धातू ओळखणे कठीण नाही. मात्र शब्द वाचनात दोन-चार वेळा भेटावा, त्याचे सोबती पारखावेत, मगच तो लेखणीत यावा.

निबंधातील जड शब्दाला गुण देण्यापूर्वी शिक्षकांनी ‘येथे हाच शब्द का?’ एवढेच विचारावे. उत्तर देता आले, तर तो शब्द विद्यार्थ्याचा झाला. न आले, तर ते केवळ ओझे होय.