रंगाआधीची मेहनत: घरचं विमान आणि घरची खिडकी

दिवाळी जवळ आली की घरोघरी एकच वाद रंगतो. खिडक्यांना रंग कोणता द्यायचा? ‘ह्यांना’ हिरवा हवा, सासूबाईंना चॉकलेटी, मुलांना निळा. पण मैत्रिणींनो, रंग कोणता यापेक्षा रंगाखाली काय आहे, हा प्रश्न मोठा.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरच्या वारली बायकांना हे सांगावं लागत नाही. कारवीच्या कुडाला आधी शेणमातीचं सारवण, त्यावर गेरूचा हात आणि तो वाळल्यावरच तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक. सारवण कच्चं राहिलं तर पोपड्याबरोबर चित्रही जातं. अर्थात, पुढच्या लग्नाला नवं काढता येतं. विमानाला मात्र अशी सवड नाही.

विमान कुठून आलं, म्हणाल? अहो, घरीच बांधलेलं! वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ साली ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. पालघर जिल्ह्यात विमानांचा कारखाना काढण्यासाठी २०१८ मध्ये राज्य सरकारशी करारही झाला. अशा घरच्या विमानांना रंग देतात तरी कसा?

आधी पत्रा, मग रंग

ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचं तेल आणि हातांचे डाग आधी पुसून काढतात. मग पत्रा हलकेच घासून खरखरीत करतात. त्यासाठी लोखंडी काथ्या मात्र वापरत नाहीत. त्याचे कण पत्र्यात रुतले की तिथूनच धातू खराब व्हायला लागतो. मग प्रायमर आणि शेवटी फवाऱ्याने रंगाचे पातळ हात. साचा घालून फायबर-राळेचं विमान केलं असेल तर ते बहुधा पांढरंच ठेवतात. गडद रंग उन्हात तापतो आणि त्या उष्णतेने राळ मऊ पडू शकते.

रंगालाही वजन असतं

अमेरिकेच्या स्पेस शटलची मोठी इंधनटाकी १९८१ मधल्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवलेली होती. १९८२ पासून तो रंगच वगळला. सुमारे २७० किलो वजन वाचलं! छोट्या विमानात तर पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या फळ्यांवर रंगाचा जाड थर बसला तरी त्यांचा तोल बिघडतो. वेगात त्या फडफडू लागल्या तर तुटूनही पडतात. म्हणून रंगानंतर फळ्यांचा तोल आणि विमानाचं वजन पुन्हा तपासावं लागतं.

झाकलेलं उघडायला विसरू नका

विमानाच्या अंगावर हवेचा दाब मोजणारी बारीक छिद्रं असतात. उंची आणि वेग त्यांवरूनच कळतो. रंगकामात ती झाकावी लागतात आणि काम झालं की आठवणीने उघडावी लागतात. १९९६ साली पेरू देशात एका प्रवासी विमानाच्या सफाईच्या वेळी लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना उंची कळेना. विमान समुद्रात पडलं आणि सत्तरही जण दगावले. केवढीशी ती पट्टी!

आता आपली खिडकी

डहाणूसारख्या समुद्राकाठच्या गावी खारा वारा लोखंडी गज खातो. तिथे नुसता रंगावर रंग चढवणं म्हणजे गंज झाकून ठेवणं. पाऊस संपून हवा कोरडी झाली की काम काढा. सुटलेले पोपडे आणि गंज खरवडा, पॉलिशपेपरने घासा, धूळ पुसा. त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्या. तो नीट वाळल्यावर ऑईलपेंटचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिलात तर ओघळ येतात आणि आत ओलं राहतं. ॲल्युमिनियमच्या खिडकीला हा लाल प्रायमर चालत नाही, दुकानदाराला धातू सांगून मागा.

आणखी एक. विमानाला किंवा मोटारीला वापरतात तो दोन डब्यांचा, हार्डनर मिसळायचा रंग घरात फवारू देऊ नका. त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. नाकाला पदर लावून ती अडत नाही.

एवढं केलंत की मग खुशाल भांडा, हिरवा की निळा!