टाइलचे यंत्र घेण्यापूर्वी हिशेब करा

मातीची भांडी बनविणारे आमचे काही कारागीर बांधव आता टाइलच्या कामाकडे वळत आहेत. कोणते यंत्र घ्यावे, हा त्यांचा पहिला सवाल असतो. आम्ही कापडाच्या धंद्यातले. हातमाग आणि पॉवरलूम यांची चढाओढ जवळून पाहिलेली. मोरबीच्या मोठ्या कारखान्यांशी भावात टक्कर देणे छोट्या कारागिराला परवडणार नाही. त्याने विकायची ती हातची नक्षी, वेगळा रंग आणि गिऱ्हाइकाला हवे ते माप. यंत्रही त्याच कामाला साजेसे पाहिजे.

बाजारात मुख्यतः तीन यंत्रे मिळतात.

पहिले स्लॅब रोलर. दोन रुळांमधून माती पोळीसारखी एकसारख्या जाडीची निघते. त्यातून कोणत्याही आकाराची टाइल कापता येते, शिवाय थाळ्या, तबके यांनाही ते उपयोगी पडते. मात्र माती एकाच दिशेने लाटली तर सुकताना टाइल वाकते. म्हणून पोळी फिरवून, उलटून लाटावी लागते.

दुसरे एक्स्ट्रुडर. शेवेच्या सोऱ्यासारखे हे यंत्र माती दाबून साच्यातून पट्टी काढते. एकाच मापाच्या पट्ट्या आणि किनारीच्या टाइल भराभर निघतात. परंतु हाताने चालणाऱ्या यंत्राची रुंदी मर्यादित असते आणि मातीचा रंग बदलला की सगळे धुऊन काढावे लागते.

तिसरे प्रेस. घट्ट माती साच्यात दाबल्यामुळे ती कमी आकसते आणि उठावाची नक्षी स्वच्छ उमटते. पण प्रत्येक मापाला नवा साचा लागतो. तेच माप पुनःपुन्हा विकले जात असेल, तरच हा खर्च वसूल होतो.

आता भट्टीचा हिशेब पाहू. ४ इंची ९ टाइल म्हणजे १ चौरस फूट. १०० चौरस फुटांची ऑर्डर म्हणजे ९०० टाइल. ग्लेझच्या भाजणीत टाइल एकमेकींना चिकटू नयेत म्हणून सुट्या मांडाव्या लागतात. भट्टीत एका वेळी ८० मावत असतील, तर ती १२ वेळा लावावी लागेल; फुटतूट वेगळीच. यंत्राने एका दिवसात ९०० टाइल काढल्या, तरी माल भट्टीच्याच चालीने तयार होणार. सुकविण्यासाठी फळ्या आणि सावलीची जागा नसेल, तर यंत्राचा वेग वाया जातो.

म्हणून सुरुवात थोड्या भांडवलात करावी. सारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या, लाटणे, पत्र्याचा कटर आणि नक्षीसाठी प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा एवढ्यावर पहिली ऑर्डर पुरी होते. मातीत भाजलेल्या मातीचा चुरा मिसळला, तर वाकणे आणि तडकणे कमी होते. काम वाढल्यावर, भांडी आणि टाइल दोन्ही करणाऱ्याने रोलर घ्यावा, किनारपट्ट्या करणाऱ्याने एक्स्ट्रुडर. प्रेस सर्वांत शेवटी.

यंत्र पाहायला जाताना आपली स्वतःची माती बरोबर न्यावी. त्यावर २० टाइल काढून घराकडे आणाव्यात, सुकवून भाजाव्यात आणि सपाट काचेवर ठेवून तपासाव्यात. माती १० टक्के आकसत असेल, तर ४ इंचांच्या टाइलसाठी कच्ची टाइल सुमारे साडेचार इंच कापावी लागेल. साच्याचे माप त्यावरूनच द्यावे. विक्रेत्याच्या दुकानातील नमुना त्याच्या मातीचा असतो. आपला धंदा आपल्या मातीवर चालायचा आहे.