गॅसआधी व्हॅक्यूम

नवा स्प्लिट एसी जोडताना काही मेकॅनिक थोडा गॅस फुस्सकन सोडतात आणि 'हवा निघाली' म्हणतात. ही शुद्ध चालढकल. हवा थोडीफार जाते, पाइपातली ओल जात नाही. ती कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल तयार करते आणि त्याच्या मोटरच्या वाइंडिंगची वाट लावते.

व्हॅक्यूम पंप ही ओल उकळवून काढतो. हवेचा दाब 760 मिलिमीटर पारा; तो 24 च्या खाली उतरला की 25 अंशांच्या खोलीतही पाणी उकळतं. पंप मात्र 500 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत चालवायचा. मग व्हॉल्व्ह बंद करून मायक्रॉन मीटरकडे बघत बसायचं. आकडा चढतच राहिला तर गळती. चढून स्थिरावला तर ओल शिल्लक. साध्या गेजवर हे कळत नाही.

गॅस वजनकाट्यावर तोलूनच भरावा. किती भरायचा तो आकडा यंत्रावरच्या पट्टीवर असतो. आर-32 हा गॅस पेट घेऊ शकतो, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि विडीकाडी लांब. गळती तपासायला नायट्रोजन वापरतात. ऑक्सिजन कधीच नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

मेकॅनिक दारात आला की आधी विचारा: पंप आणलाय का?