चेंडू कुठे बसलाय, ते आधी पाहा

भिवंडीच्या मागावर सूत बदललं की फणी बदलते. जाड सुताला बारीक फणी लावून कुणी मागाला दोष देत नाही. गोल्फमध्ये मात्र नवखा माणूस आधी चकचकीत पूर्ण संच घेतो आणि तो आपल्या मैदानावर चालतो का, हे नंतर पाहतो. क्लब निवडताना आधी जमीन बघावी, मग आपला हात, आणि ब्रँड अगदी शेवटी. आपल्याकडे तर जमीनच वर्षात दोन रूपं घेते. चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी असो की खारघरच्या दरीतलं सिडकोचं मैदान, जुलैत पाय रुततो आणि मे महिन्यात पाणी न मिळालेला तुकडा फरशीसारखा टणक होतो.

हा फरक सर्वांत जास्त जाणवतो तो वेजला. चेंडू उंच उचलून जवळच टाकणारा हा क्लब. त्याचं तोंड साधारण 46 ते 60 अंश कललेलं असतं; या कलाला लॉफ्ट म्हणतात. त्याच्या तळाच्या फुगवट्याला बाउन्स म्हणतात. तो दहा-बारा अंशांचा असला की चिखलात किंवा वाळूत धार न रुतता घसरत पुढे जाते. जीन साराझेनने तळ जड केलेला असा वेज घेऊन 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकली. पण हाच तळ टणक जमिनीवर आपटून उसळतो आणि धार थेट चेंडूच्या पोटावर बसते. तिथे चार-सहा अंशांचाच बरा. ओल्या उंच गवताची तऱ्हा आणखी वेगळी. गवत क्लबच्या मानेला विळखा घालतं आणि तोंड वळतं. तीन-चार नंबरच्या आयर्नने तिथून चेंडू काढायला मनगटं दणकट हवीत. हायब्रिड, म्हणजे आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब, मात्र गवत सारत निघून जातो. चढावर चेंडू आपोआप उंच उडतो, तेव्हा एक नंबर खालचा, म्हणजे कमी कललेला क्लब घ्यावा, इतकं पुरे.

यावर कुणी म्हणेल, नियम 14 क्लब नेऊ देतो, मग सगळेच का नेऊ नयेत? पण 1938-39 मध्ये ही मर्यादा आली ती पिशव्या फुगत चालल्या होत्या म्हणून. तो आकडा भरायलाच हवा असं नाही. चिक इव्हान्सने 1916 ची यूएस ओपन सात क्लब घेऊन 286 फटक्यांत जिंकली आणि तो विक्रम वीस वर्षं टिकला. चेंबूरच्या वस्तीतली मुलं तर बांधकामाची सळई वाकवून, प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीत खेळतात. म्हणजे अवजाराला काही किंमतच नाही का? आहे. तयार हात एकाच क्लबचं तोंड कमीजास्त उघडून त्याचे तीन क्लब करतो. नवख्याला ते जमत नाही, म्हणून अवजाराने त्याची उणीव भरून काढावी लागते. मागे पोकळ आणि कडांना जड असलेला आयर्न फटका मध्यावर बसला नाही तरी कमी वळतो. अशा क्लबने सवयी बिघडतात, हा आक्षेप मला अर्धाच पटतो: चुकलेला फटका हाताला कमी झोंबतो हे खरं, पण चेंडू वाकडा जायचा तो जातोच.

नवख्याला जास्त लॉफ्टचा ड्रायव्हर, एक हायब्रिड, सात आणि नऊ नंबरचे आयर्न, मोठ्या बाउन्सचा वेज आणि पटर पुष्कळ झाले. मे महिन्यात वेज उसळायला लागला, तर हिरवळीच्या कडेवरून पटरनेच चेंडू सरपटत न्यावा. सपाट तळाच्या दुसऱ्या वेजचे पैसे हात बसल्यावर खर्च करता येतील.