आईच्या शिदोरीवर वाढणारे खेकडे

पावसाळ्याच्या तोंडावर घोड नदीच्या खोऱ्यात एखादी खेकडी उलटी करून पाहिली, तर तिच्या पोटाखालच्या रुंद झडपेत बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट सापडते. एक तर पिवळट-केशरी अंड्यांचा घोस, नाही तर एकमेकांना चिकटून बसलेली इवली पिल्लं. ही पिल्लं काही मिलिमीटरचीच असतात, पण त्यांच्यात कसलीही उणीव नसते. आठ पाय, दोन नांग्या, दांड्यांवरचे डोळे, सगळं जागच्या जागी. अंड्यातून बाहेर पडलं ते थेट खेकडा होऊनच.

समुद्रातल्या चिंबोरीचं पिल्लू असं जन्मत नाही. ते जन्मतं तेव्हा खेकड्यासारखं दिसतही नाही. पाठीवर काटा, लांब शेपटी, मोठाले डोळे आणि जेमतेम एक मिलिमीटरचा देह. प्राणिशास्त्रात या रूपाला ‘झोइआ’ म्हणतात. कांदळवनातल्या मोठ्या चिंबोरीचा, म्हणजे ‘सायला सेराटा’ या जातीचा झोइआ पाच टप्पे पार करतो. मग ‘मेगालोपा’ नावाचं अर्धं झोइआचं, अर्धं खेकड्याचं रूप येतं आणि त्यानंतर खरा खेकडा. या सगळ्याला तीन-चार आठवडे लागतात आणि तेवढे दिवस हा जीव लाटांवर वाहत असतो.

आता हेच गणित पारगावला लावून पाहावं. आंबेगाव तालुक्यातलं हे गाव बहुतेकांना भीमाशंकर सहकारी साखर कारखान्यामुळे ठाऊक आहे. घोड नदी पश्चिमेला आहुप्याच्या डोंगरात उगम पावते, डिंभे धरणात अडते आणि पुढे उसाच्या पट्ट्यातून वाहत भीमेला मिळते. भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. इथल्या खेकडीने झोइआ सोडलेच, तर पहिल्या पुरात ते वाहून जातील आणि खाऱ्या पाण्याचा वास लागेपर्यंत हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापावं लागेल. परत यायचं तर धरणांच्या भिंती चढून! शिवाय ओढ्याच्या गोड्या पाण्यात एवढ्या नाजूक देहाला अंगातले क्षार टिकवणं अवघड, आणि समुद्रात झोइआला मिळतं तसं सूक्ष्म जीवांचं भरपूर खाणंही ओढ्यात भरवशाचं नाही.

यावरचा तोडगा म्हणजे पिल्लाचं सगळं बालपण अंड्यातच उरकून टाकायचं. झोइआ आणि मेगालोपा हे टप्पे गोड्या पाण्यातल्या खेकड्यांनी पूर्णपणे गाळलेले नाहीत. त्यांच्या खुणा अंड्यातल्या गर्भात दिसतात, फक्त ते मोकळ्या पाण्यात येत नाहीत. पण अंड्यात बसून एवढं वाढायचं तर खायचं काय? आईने बांधून दिलेली शिदोरी, म्हणजे अंड्यातला बलक.

शिदोरी केवढी, ते आकड्यांतच पाहिलेलं बरं. सायला सेराटाच्या अंड्याचा व्यास सुमारे ०.३ मिलिमीटर असतो आणि मोठी मादी एका वेळी दहा लाखांहून अधिक अंडी घालते. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची अंडी साधारण दोन ते चार मिलिमीटरची, आणि एका मादीपाशी काही डझनांपासून काहीशेपर्यंत. व्यास दहापट झाला की आकारमान हजारपट होतं. म्हणजे आईची पुंजी बेताचीच असली, तरी समुद्रातली ती लाखोंत चिमूटचिमूट वाटते आणि ओढ्यातली मोजक्यांना पोटभर देते. यात कोण शहाणी आणि कोण उधळी, हा प्रश्नच चुकीचा. दोघींचा हिशेब आपापल्या पाण्याप्रमाणे बरोबर आहे.

बलक म्हणजे मुख्यतः एकमेकांत गुंफलेल्या प्रथिनांचा आणि स्निग्ध पदार्थांचा साठा. त्याचा केशरी रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा. हा साठा मादीच्या शरीरात आधीच जमू लागतो. पाठीच्या कवचाखालचा जो पिवळा गर कालवणात आवडीने खाल्ला जातो, त्यातला मोठा भाग म्हणजे ‘हेपॅटोपॅन्क्रिआस’ ही ग्रंथी. यकृत आणि स्वादुपिंड या दोहोंचं काम ती एकटीच करते आणि चरबी साठवण्याचं कोठारही तीच. पावसाळ्यात आणि त्यानंतर भरपेट खायचं, उन्हाळ्यात बिळाच्या तळाच्या ओलाव्यात पडून राहायचं, आणि त्याच कोठारातून स्वतः जगून अंडीही भरायची, असा या जीवाचा वर्षाचा ताळेबंद आहे.

या ताळेबंदाचा अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. दख्खनच्या पठारावर सर्रास आढळणाऱ्या ‘बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस’ या खेकड्याचं प्रजननचक्र आणि त्याच्या जननग्रंथींतले जैवरासायनिक बदल यांवर आर. नागभूषणम आणि ए. डी. दिवाण यांचा शोधनिबंध १९७४ सालच्या ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’मध्ये आहे. नागभूषणम तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवत. औरंगाबादसारख्या समुद्रापासून दूरच्या गावी बसून खेकड्यांवर असं पायाभूत काम झालं, याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही.

हा खेकडा शास्त्राच्या दप्तरात आला तोही दख्खनमधूनच. १८२५ साली बिशप रेजिनाल्ड हेबर मुंबईहून पुण्याला आले, तेव्हा माळावरचं गवत नांगीने कापून, पेंढी बिळात ओढत नेणाऱ्या खेकड्यांची त्यांना मोठी गंमत वाटली होती. त्यांच्या प्रवासवर्णनात ती नोंद आहे. त्याच काळात मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणारे विल्यम हेन्री साइक्स पक्षी-माशांबरोबर खेकडेही टिपत होते. त्यांनी दख्खनच्या भूचर खेकड्यांवर लिहिलेलं टिपण १८३६ साली लंडनच्या कीटकशास्त्र मंडळाने छापलं आणि त्यासोबत कीटकशास्त्रज्ञ वेस्टवूड यांनी या जातीचं वर्णन केलं.

शिदोरी अपुरी पडली तर काय होतं, याची सर्वांत काटेकोर उत्तरं मात्र उत्तर समुद्रातल्या हेल्गोलांड बेटावरून आली. तिथल्या सागरी जीवशास्त्र संस्थेत क्लाउस आंगर आणि डाविर्स यांनी ‘हायास अरेनिअस’ या खेकड्याच्या डिंभांवर, म्हणजे झोइआसारख्या बालरूपांवर, उपासाचे प्रयोग केले. त्यांचा निबंध १९८१ चा. रीत साधी होती. काही डिंभांना जन्मतःच काही दिवस उपाशी ठेवून मग खाऊ घालायचं, तर काहींना सुरुवातीला खाऊ घालून मग उपाशी ठेवायचं.

निकाल कुणाही आईला अस्वस्थ करील असा होता. सुरुवातीचा उपास एका मर्यादेपलीकडे गेला, की नंतर पुढ्यात अन्नाची रास ओतली तरी डिंभ वाचत नव्हता. तो लगेच मरत नसे. काही दिवस पोहत असे, खातही असे, पण कात टाकून पुढच्या टप्प्यात जाऊ शकत नसे. कारण उपासात आधी चरबी जळते, मग अंगातली प्रथिनं मोडू लागतात, आणि ज्या ग्रंथीने नव्या अन्नातून चरबी साठवायची तिच्याच पेशी खराब होतात. पैसे आले, पण तोवर खातंच बंद झालं, असा प्रकार. उलट, टप्प्याच्या सुरुवातीला पुरेसं खाल्लेले डिंभ पुढे उपाशी राहूनही कात टाकत. म्हणजे जन्मल्यावर पहिलं खाणं वेळेवर मिळेपर्यंतची नड भागवायला बलकाची चिमूट असते. त्यापुढची पुंजी डिंभाला स्वतः कमवावी लागते.

तमिळनाडूत राजीव गांधी सेंटर फॉर ॲक्वाकल्चरने चिंबोरीची उबवणी उभी केली, तिथेही हाच नियम पाळावा लागतो. झोइआ बाहेर पडले की रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव टाकीत तयारच हवेत, मग काही दिवसांनी आर्टेमिया हे त्यांच्याहून मोठे जीव. सिंधुदुर्गातल्या खाड्यांत कांदळवनालगत जे खेकडापालन चालतं, त्याला लागणाऱ्या बीजामागे या पहिल्या काही दिवसांची धावपळ असते.

समुद्र आणि ओढा यांच्या मधली पायरी पाहायची असेल तर जमैकाला जावं लागतं. तिथल्या सेसार्मिड कुळातल्या खेकड्यांत ती अजून जिवंत आहे. ‘सेसार्मा क्युरासाओएन्से’च्या झोइआंना बलक इतका मिळतो, की खाणं मिळालं तर ते खातात, पण न मिळाल्यास उपाशीपोटी मेगालोपापर्यंत पोचू शकतात. ‘मेटोपॉलिअस डिप्रेसस’ ही त्याहून पुढची. ती झाडांवर वाढणाऱ्या ब्रोमेलिआडच्या पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात पिल्लं वाढवते. रुडॉल्फ डीझेल या संशोधकाने पाहिलं, की मादी त्या पाण्यातला पालापाचोळा काढते, पिल्लं खाणाऱ्या चतुरांच्या कुळातल्या अळ्या मारते, आणि गोगलगायींचे शंख आणून टाकते, ज्यामुळे पाण्याचा आंबटपणा घटतो आणि पिल्लांना कॅल्शियम मिळतं. बलकाची शिदोरी वाढली तशी आईची चाकरीही वाढली.

सह्याद्रीतली खेकडी शंख गोळा करत नाही, पण पिल्लांना लगेच सोडतही नाही. अंडी फुटल्यावर पिल्लं काही दिवस तिच्या झडपेखालीच राहतात. त्यांच्या अंगात बलकाचा थोडा अंश शिल्लक असतो, त्यावर निभावतं. कवच जरा टणक झालं की ती एकेक करून उतरतात.

या व्यवस्थेची किंमतही आहे. वाहून जाणारा डिंभ नाही, म्हणजे दूरवर पसरणंही नाही. एका डोंगराचे खेकडे त्याच डोंगरावर राहतात, आणि काळाच्या ओघात त्यांची वेगळी जात होऊन बसते. भारतात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या शंभराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि पश्चिम घाटात त्यांची मोठी गर्दी आहे. २०१६ साली तेजस ठाकरे, अनिल खैरे आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्रातील शास्त्रज्ञ यांनी घाटातून एकदम पाच नव्या जातींची नोंद केली. एकेका जातीचा मुलूख किती छोटा असू शकतो, हे अशा शोधांतून दिसतं. एखाद्या पठारावर खाण किंवा रिसॉर्ट आलं, तर तिथली अख्खी जात जाऊ शकते.

लोकांच्या लेखी मात्र खेकडा म्हणजे बांध पोखरणारा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा राज्याच्या जलसंधारण मंत्र्यांनीच खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं आणि राज्यभर त्याची थट्टा झाली. शेताच्या बांधाला बिळं पडतात, पाणी झिरपतं, हे खरंच आहे. पण धरणाच्या भिंतीचा हिशेब बिळातल्या जिवाकडे मागणं जरा अतीच झालं.

पहिल्या पावसात बॅटऱ्या घेऊन ओढ्याला जाण्याची चाल जुन्नर-आंबेगावात जुनी आहे आणि ती बंद करा असं कुणी म्हणणार नाही. एवढंच करावं, की पकडलेला खेकडा पिशवीत टाकण्याआधी उलटा करून बघावा. झडप चिंचोळी असेल तर नर, खुशाल न्यावा. झडप रुंद असेल आणि तिच्याखाली अंडी किंवा पिल्लं दिसली, तर तिला त्याच ओढ्याच्या काठी सोडून द्यावं. समुद्रातल्या चिंबोरीसारखी लाखोंची भरपाई तिच्याकडे नाही. तिचा वर्षाचा सगळा साठा त्या झडपेखाली असतो.